आधी चिंबोरीला

कोलशेतच्या खाडीकडेला, एका टेकाडावर, खारजाईचं देऊळ आहे. आजूबाजूला इतके टॉवर उठलेत की त्यांच्या गॅलऱ्यांतून खाली बघणाऱ्याला ती पाण्याच्या पंपाची खोली वाटते. एका बिल्डरच्या माणसाने एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं. गावकऱ्यांनी त्याला त्याच दिवशी पायऱ्या चढवून वर नेलं, आईपुढे नाक घासायला लावलं आणि हातात नारळ देऊन परत पाठवलं.

आत काळ्या दगडाची आई बसलेली आहे. तिच्या खांद्यामागे भिंतीत झरोका, आणि झरोक्यात खाडी. इथे मिठागरं होती तेव्हा म्हणे एका उधाणाला बांध फुटला आणि भोक कुठे पडलंय तेच कुणाला सापडेना. तेव्हा एक चिंबोरी, म्हणजे आपली खाडीतली खेकडी, पुढे चालू लागली, तिच्यामागे गाव गेलं, आणि भोकाशी पाहतात तर आई पाठीने बांध धरून बसलेली. खरंखोटं तीच जाणे. पण तिच्या उजव्या पायाशी दगडात चिंबोरी कोरलेली आहे. आई बांध धरते आणि चिंबोरी पहारा करते, म्हणून गावाचा नियम असा की कुंकू आधी चिंबोरीला, मग आईला. दुसरा नियम, गाभाऱ्यात समईशिवाय दुसरा उजेड न्यायचा नाही. बल्ब नाही, बॅटरी नाही, फ्लॅश तर नाहीच नाही.

या दुसऱ्या नियमाने आजवर भल्याभल्या फोटोग्राफरना रडवलं होतं. आत समईचा मिणमिणता उजेड आणि झरोक्यात उन्हाने लखलखणारी खाडी. माणसाचा डोळा दोन्ही बघतो, क्षणभर इकडे, क्षणभर तिकडे, आणि मनात चित्र पुरं करतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. आई दिसावी म्हणून उजेड वाढवला की झरोका पांढराफटक, आणि खाडी दिसावी म्हणून कमी केला की आई काळोखात गुडूप. गेल्या वर्षी तर फ्लेक्सवाल्याने वैतागून आईला कापून काढलं आणि मागे निळंशार सरोवर आणि बर्फाचे डोंगर चिकटवले. चिंबोरी कापाकापीत गेली. खारजाई काश्मीरला सहलीला गेल्यासारखी दिसत होती, आणि खालच्या कोपऱ्यात जत्रा कमिटीचे अध्यक्ष काळुराम भोईर हात जोडून उभे होते.

तो फ्लेक्स बघून सगळ्यात जास्त कोण दुखावलं असेल, तर आवडाबाई. काळुरामांची ही थोरली भावजय. घरात आणि गावातही तिला सगळे बय म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हापासून आईला लुगडं नेसवण्याचा मान तिचा. पण दोन्ही गुडघे गेले, डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या, आणि रोज आईला भेटणारी ही बाई ओटीवर बसून टेकाडाकडे नुसती बघत राहू लागली. उचलून नेतो म्हटलं तर चिडायची. "आईकरं काय पोत्यावानी जाऊ?" म्हणायची. निदान फ्लेक्सवर तरी आई दिसेल म्हणून ती आशेने बसली होती, आणि तिला दिसले बर्फाचे डोंगर. त्या दिवशी ती जेवली नाही.

लुगड्याचं काम आता तिच्या सुनेकडे, निशिगंधाकडे आलं होतं. निशिगंधा डोंबिवलीची, माहेर मूळ देवरुखकडचं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं तिला सासूचं बोलणं अर्धंच कळायचं आणि सासूला तिची भाजी अजिबात कळायची नाही. पण दोघींचं जमलं होतं, आणि असं जमलं होतं की नवरा हितेश कधी कधी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसायचा. बय जेवली नाही तेव्हा निशिगंधाने मनाशी ठरवलं, की बयला वर नेता येत नाही ना, मग आईला खाली आणायचं. अंधारातली आई आणि उन्हातली खाडी, दोन्ही एका फोटोत. आणि तो असा हवा की बयने बघितल्याबरोबर ओळखलं पाहिजे.

कपाटात हितेशने हौसेने घेतलेला कॅमेरा धूळ खात पडला होता. निशिगंधाने तो बाहेर काढला आणि डोंबिवलीत, माहेराच्या गल्लीतच, सर्वेश नावाच्या मुलाचा फोटो एडिटिंगचा क्लास लावला. दर शनिवारी स्कूटर काढायची, मुंब्र्याहून शीळफाट्याला यायचं, तिथल्या ट्रॅफिकमध्ये ट्रेलरच्या मागे उभं राहून धूर खायचा आणि क्लासला पोचेपर्यंत अर्धा तास बोंबललेला असायचा. क्लासमध्ये बाकी सगळी कॉलेजची पोरं. ती हिला काकू म्हणायची आणि हिच्या डब्यातली कोलंबी संपवायची.

सर्वेशने तिला एचडीआर शिकवलं. "सोपंय मॅडम," तो म्हणाला. "एका फोटोत दोन्ही बसत नाही ना? मग तीन काढायचे. कॅमेरा ट्रायपॉडवर, जराही हलवायचा नाही. एक काळोखा, एक मधला, एक उजळ. काळोख्यात तुमची खाडी येईल, उजळमध्ये तुमची देवी येईल. सॉफ्टवेअर तिन्ही एकावर एक ठेवून मर्ज करतं. मग हे स्लायडर. सावली उघडायची, उजेड दाबायचा."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण हात आवरून, हां."

शेवटचं वाक्य निशिगंधाने ऐकलं नाही. शिकणाऱ्याला शेवटचं वाक्य ऐकू येत नाही, हा आपला जुना रोग आहे.

दुसऱ्याच दिवशी ती देवळात गेली. कॅमेऱ्याचा टायमर लावला की पुढे एक लालसर दिवा लुकलुकतो, हे तिला ऐन गाभाऱ्यात लक्षात आलं. नियम म्हणजे नियम. तिने कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली. तीन फोटो निघाले. घरी येऊन तिने ते मर्ज केले आणि स्क्रीनवर एकदम, एकाच चित्रात, आई आणि खाडी दोघीही उमटल्या तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली. मग तिने स्लायडर ओढला. आईचा चेहरा उजळला. अजून ओढला. झरोक्यातली खाडी जांभळी झाली, भिंतीचा दगडन् दगड मोजता येऊ लागला. मग तिने उरलेले सगळे स्लायडर टोकाला नेले, फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि समाधानाने भात लावायला गेली.

भात होईपर्यंत गावात गलका झाला होता.

आईच्या मुकुटाभोवती पांढरंशुभ्र तेज दिसत होतं. चांगलं हातभर, कडेने चमकणारं. कुणीतरी लिहिलं, 'आई प्रगटली.' मग फोटो फिरत सुटला. बाळकुमला गेला, माजिवड्याला गेला, खाडीपार भिवंडीकडच्या सोयऱ्यांकडे गेला. लोक नारळ घेऊन टेकाडावर येऊ लागले. टॉवरमधल्या बायका लिफ्टने खाली आल्या आणि पंपाची खोली कुठली ते विचारत देवळात पोचल्या. काळुराम भोईर पांढरे कपडे घालून निशिगंधाच्या दारात आले.

"सूनबाय, तुजे हातून आईनं दर्शन दिला," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "यंदा फ्लेक्स याच फोटोचा. कमानीवर, पायऱ्यांवर, नाक्यावर. खाली तुजा नाव."

निशिगंधा हरखली. आपण तिला दोष देऊ नये. गावच्या नाक्यावर स्वतःचं नाव कुणाला नको असतं? ती लॅपटॉप घेऊन धावत ओटीवर गेली आणि सूप घेऊन जवळ्याची बारीक सुकी मासळी निवडत बसलेल्या बयच्या पुढ्यात तिने तो उघडला.

बयने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"ही कोन गो?"

"बय, आपली आई. खारजाई."

"नाय." बयने चष्मा काढला. "माजे आईला मी वलखते. ही नाय ती. हिचे डोक्यामागं टूबलाइट कोनी लावली?"

"ते तेज आहे म्हणतात सगळे."

"म्हनू दे." बय पुन्हा जवळ्याकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "आमची आई अशी डोले फारून नाय बगत."

निशिगंधाला वाईट वाटलं आणि रागही आला. अख्खं गाव हात जोडतंय आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिलाच पटत नाही! दोन दिवस तिने तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी सर्वेशचा फोन आला.

"मॅडम, डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आलाय. चमत्कार म्हणून. तो तुमचा आहे का?"

"हो," ती अभिमानाने म्हणाली.

"मॅडम, राग मानू नका. ते तेज नाहीये. त्याला हेलो म्हणतात. अंधाराची आणि उजेडाची जिथे हद्द लागते ना, तिथे स्लायडर जास्त ओढला की सॉफ्टवेअर गडबडतं आणि कडेने पांढरा पट्टा काढतं. मुकुट काळा, मागे झरोका उजेडाचा, म्हणून तिथे आला. शिकणाऱ्या सगळ्यांचा येतो. माझ्या पहिल्या फोटोत तर म्हशीच्या मागे आला होता."

निशिगंधाने लॅपटॉप उघडून नीट बघितलं. पांढरा पट्टा नुसता आईच्या मुकुटाभोवती नव्हता. तो समईच्या दांड्याला होता, नारळाला होता, कोपऱ्यात ठेवलेल्या झाडूलाही होता. एवढ्या लोकांनी फोटो बघितला, पण झाडूचं तेज कुणी बघितलं नव्हतं. बयला मात्र काही माहीत नसताना कळलं होतं, की ही ती नाही.

फ्लेक्स सोमवारी छापायला जाणार होता. गप्प बसलं असतं तर सगळं छान होतं. नाव नाक्यावर लागलं असतं, काळुरामकाका खूश, गाव खूश. पण मग बय या वर्षीही ओटीवरून बघणार होती ती एक परकी, वटारल्या डोळ्यांची बाईच. निशिगंधाला ते सोसेना. ती उठली, कॅमेरा, ट्रायपॉड आणि लॅपटॉप घेतला आणि समाजमंदिरात गेली. तिथे कमिटीची मीटिंग भरली होती.

"काका, फोटोत चूक झालीये," ती म्हणाली. "ते तेज माझ्या हाताने आलंय. स्लायडर जास्त ओढला म्हणून."

काळुरामांचा चेहरा उतरला. "सूनबाय, आईला तेज फुटला तर तुला का खुपतंय? मशीनला काय कलतंय?"

आता इथे एखादी भाषण ठोकत बसली असती. निशिगंधा डोंबिवलीची असली तरी इतकी वर्षं कोलशेतला काढलेली होती. भाषणाने इथे कुणाचं मत बदलत नाही हे तिला ठाऊक होतं. काळुराम खिडकीपाशी बसले होते आणि त्यांच्या मागे ऊन होतं. तिने ट्रायपॉड त्यांच्यासमोर उभा केला.

"काका, जरा हलू नका. श्वास पण घेऊ नका."

फोटो काढायचा म्हटल्यावर काळुराम आपोआप ताठ झाले. त्यांनी श्वास असा काही रोखला की शेजारचे दोघे घाबरले. तीन फोटो निघाले. तिने तिथेच लॅपटॉपवर ते मर्ज केले, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत एकेक स्लायडर टोकापर्यंत ओढला.

काळुराम भोईरांच्या टकलाभोवती हातभर तेज प्रगटलं.

आधी कुणाला हसायचं धाडस होईना. मग मागून कुणीतरी "काळुरामबाबा की जय!" म्हणालं आणि समाजमंदिर हसून हसून लोटपोट झालं. खजिनदाराला ठसका लागला. काळुराम स्वतः मात्र स्क्रीनकडे टक लावून बघत होते. मग निशिगंधाकडे वळून हळूच म्हणाले, "यो फोटो मना पाठव."

"पाठवते काका. पण आईचा नको ना छापायला?"

"नको." त्यांनी मान हलवली. हसू ओसरलं तसे ते गंभीर झाले. "आईला खोटा दागिना नको. पन सूनबाय, सोमवारी फ्लेक्स जाणार. तवापत्तुर दुसरा फोटो दे. नाय जमला, तर मंग तोच गेल्या वर्षीचा."

म्हणजे बर्फाचे डोंगर.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शनिवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता म्हणून तिने सर्वेशलाच फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही उलटं करताय. तुम्ही सगळं दाखवायला बसलात. आत गेल्यावर डोळ्याला सगळं एकदम दिसतं का? आधी काय दिसतं, मग काय दिसतं, ते ठरवा. स्लायडर त्याच्यानंतर."

निशिगंधाने आठवून बघितलं आणि तिला धड आठवेना. ती रोज वर जात होती, पण लुगडं नीट बसलं का, आणि हल्ली कॅमेरा नीट बसला का, याच घाईत. मग ती ओटीवर बयच्या शेजारी जाऊन बसली, हातात जवळ्याचं सूप घेतलं आणि म्हणाली, "बय, आत गेल्यावर तुला पहिलं काय दिसायचं?"

बयने हात थांबवले आणि डोळे मिटले.

"पैली वात," ती म्हणाली. "आत पाय टाकला का वातीबिगर कायच नाय दिसत. काला काला. मंग नथ. नथीचा मोती लुकलुकतो. मंग झरोक्यातली खारी, पन ती अशी डोल्यात नाय घुसत, लांब हाय ती, गप रायते. मंग आपुन जरा उबं रायचा. घाई नाय करायची. तवा आईचा तोंड दिसतो. आन् सगल्याच्या शेवटाला, खाली, पायाकरं..." तिने डोळे उघडले आणि पदराने पुसले. "जाऊ दे. तुला जवला निवडता येत नाय, दे इकरं."

निशिगंधाने सूप दिलं आणि उठली. आता काय करायचं ते तिला स्वच्छ कळलं होतं.

ती वर गेली. आईला नवं हिरवं लुगडं नेसवलं, छान लांबसडक निऱ्या सोडल्या, टिकली कॅमेऱ्याला लावली आणि तीन फोटो काढले. मर्ज केले तर समईला तीन वाती दिसू लागल्या, कारण ज्योत प्रत्येक फोटोत थोडी हलली होती. झरोक्यातून एक होडी चालली होती, ती तीन ठिकाणी उमटली. चूक तिची तिलाच कळली आणि सुधारताही आली, याचा तिला कोण आनंद झाला! मधल्या फोटोतली एकच ज्योत ठेवली, होडीही एकच ठेवली. मग बसली स्लायडरवर. या वेळी ती ओढत नव्हती. चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी बघत होती. सावली जरा उघडायची, थांबायचं, डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. वात पहिली दिसली पाहिजे. नथ दुसरी. खाडी उजळ हवी, पण लांब. मुकुटाच्या कडेला पांढरं काही उमटलं की लगेच मागे. कोपरे तिने अंधारातच ठेवले. आईचा चेहरा इतकाच उघडला की उभं राहिल्याशिवाय दिसू नये, आणि पायाकडची सावली तर अगदी थोडी, नखाएवढी.

शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तिने लॅपटॉप बयपुढे ठेवला.

बयने चष्मा लावला. बघितलं. मान जराशी पुढे केली आणि थांबली. आत गेल्यावर डोळे सरावायला माणूस थांबतो, तशी थांबली. ओटीवर कावळे ओरडत होते, हितेश मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता, पण बय तिथे नव्हतीच. मग तिची नजर हळूहळू वरून खाली आली आणि एकदम तिच्या भुवया चढल्या.

"चिंबोरी झाकलीस गो!"

निशिगंधा दचकली. "काय?"

"काय म्हनून विचारतेस? निऱ्या इतक्या खाली सोरतात?" बयचा आवाज असा चढला की हितेशने फोन ठेवला. "पहारेकरीन ती! तिचे डोल्यांवर लुगरा टाकलास! कोनी शिकवला तुला? मी अशी नेसवायची? शोभेला नेसवतेस आईला?"

निशिगंधाने स्क्रीनवर वाकून बघितलं. खरंच. आईच्या उजव्या पायाशी, फोटोच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, हिरव्या निरीखालून चिंबोरीची एकच नांगी बाहेर आली होती. आजवरच्या फोटोंत तिथे नुसता काळा डाग असायचा, आणि तेजाच्या फोटोत सगळंच इतकं भगभगीत की तिकडे कुणाची नजर गेली नव्हती. तिथलं काही दिसतच नव्हतं, मग चुकलेलं कुठून दिसणार? आणि बय फोटोला नावं ठेवत नव्हतीच. बय फोटो बघतच नव्हती. ती गाभाऱ्यात उभी राहून सुनेला झापत होती.

निशिगंधा हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. तिने बयला मिठीच मारली.

"अगो, हसतेस काय? बोलतेय ते कलतंय का?" बय तिला ढकलत होती, पण फार जोर लावून नाही. "यो धर माजा पदर. बग, अशी निरी घ्यायची, आतून दुमडायची, आन् गुडघ्याशी खोचायची. तिचे दोनी डोले उघडे रायला पायजेत. कर आता. हां, अशी. अजून आत." ओटीवर बसल्या बसल्या, स्वतःच्या लुगड्याच्या पदरावर, तिने सुनेकडून ती निरी हाताला बसेपर्यंत घालून घेतली. इतक्या वर्षांत तिने ही निरी कुणाला शिकवली नव्हती.

त्याच संध्याकाळी, ऊन खाडीवर तिरपं उतरलं असताना, निशिगंधा पुन्हा वर गेली. निऱ्या सोडल्या, बयने दाखवल्या तशा घातल्या. चिंबोरीने दोन्ही डोळे उघडले. आधी तिला कुंकू, मग आईला. मग टिकली कॅमेऱ्याला. रविवारी सकाळी फोटो तयार झाला आणि या वेळी तिने तो कुणाला न विचारता पाठवून दिला. विचारायचं होतं तिला विचारून झालं होतं.

जत्रेच्या दिवशी कमानीवर, नाक्यावर आणि टेकाडाच्या पायथ्याशी खारजाई लागली. पायथ्याचा फ्लेक्स सगळ्यात मोठा, थेट जमिनीपासून. लोक यायचे, चालता चालता बघायचे आणि थबकायचे. पहिली वात, मग नथ, मग मागे लांबवर सोनेरी झालेली खाडी. तेज कुठेच नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. सर्वेश डोंबिवलीहून आला होता. तो फ्लेक्सपुढे हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, पुढच्या बॅचला हे तुम्ही शिकवायचं. मला नाही येत असं." काळुरामांनी स्वतःचा फोटो खालच्या कोपऱ्यातून आपणहून काढायला लावला होता. टकलामागचं तेज मात्र त्यांनी व्हॉट्सअॅपवर लावलं होतं आणि कुणी हसलं तरी बदललं नव्हतं.

दुपारी रिक्षा आली. हितेशने हात दिला आणि आवडाबाई उतरली. नवं नऊवारी, नाकात नथ, हातात कुंकवाचा करंडा. पायऱ्यांकडे तिने बघितलंही नाही. लोकांनी वाट दिली. ती फ्लेक्सपुढे खुर्चीवर बसली आणि आत शिरल्यावर बसावं तशी घटकाभर शांत बसून राहिली. चिंबोरी अगदी तिच्या हाताच्या उंचीवर होती, दोन्ही डोळे उघडे.

बयने करंड्यात बोट बुडवलं आणि पुढे वाकली.

"वयनी," काळुराम गडबडीने म्हणाले, "फ्लेक्स हाय तो. कुंकू त्याचेवरून सांडल."

"मना ठाव हाय काय हाय तो," बय म्हणाली. तिने चिंबोरीला कुंकू लावलं. मग काठी टेकत, हितेशचा खांदा धरून, ती खुर्चीतून उठली आणि मागे उभ्या असलेल्या निशिगंधाकडे वळली. "ये पुरं. आईपावेतो माजा हात नाय पोचत. तू लाव."